‘खार लँड’ : शब्द, कोश आणि बांध

एखादा अनोळखी शब्द इंग्रजीचा ‘खरा’ शब्द आहे की नाही, हा प्रश्न वरकरणी कोश उघडून सुटणारा वाटतो. कोशात असेल तर खरा, नसेल तर खोटा, असा हा सरळ निवाडा. मात्र कोशप्रामाण्याचा हा निकष दोन्ही बाजूंनी तोकडा पडतो. ते पाहण्यासाठी धरमतर खाडीकाठचा एक शब्द पुरेसा आहे. कायद्याच्या पुस्तकात आणि पेण-अलिबागच्या खारेपाटातील सरकारी व्यवहारात वावरणारा हा शब्द म्हणजे ‘खार लँड’.

प्रथम कोशाची बाजू. वेबस्टरच्या कोशाच्या १९३४ च्या आवृत्तीत ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. घनतेचे संक्षेपचिन्ह मोठ्या वा लहान ‘डी’ने दाखवावे, एवढेच सांगणाऱ्या चिठ्ठीतील ‘डी ऑर डी’ ही अक्षरे सलग वाचली गेली आणि शब्द जन्माला आला. ही चूक १९३९ मध्ये ध्यानात आली. कोणाच्याही तोंडी नसलेला शब्द तोवर कोशात मानाने नांदत होता. अशा शब्दांना स्कीटने १८८६ मध्येच ‘भूतशब्द’ ठरवले होते. कोशातील नोंद ही शब्दाच्या अस्तित्वाची साक्ष असते. ती त्याच्या अस्तित्वाचे कारण नव्हे. ऑक्सफर्ड कोशाचा संपादक मरे यानेही इंग्रजी शब्दसंग्रहाला केंद्र आहे पण निश्चित परीघ नाही, अशी भूमिका घेतली होती. ‘खार लँड’चा प्रश्न नेमका त्या परिघावरचा आहे.

मुंबई राज्याने १९४८ मध्ये आणि महाराष्ट्राने १९७९ मध्ये केलेल्या कायद्यांच्या इंग्रजी शीर्षकांतच हा शब्द आहे. भरतीच्या पाण्याखाली येणाऱ्या जमिनीचा जो भाग बांध घालून समुद्रापासून वा खाडीपासून राखला आणि लागवडीस आणला, तो ‘खार लँड’, असा १९७९ च्या कायद्यातील व्याख्येचा आशय. हीच जमीन कोठे खाजण, कोठे खारेपाट म्हणून ओळखली जात असली, तरी व्याख्या त्या सर्व नावांना एका छत्राखाली आणते. म्हणजे व्यवहारातील अनेक शब्दांवर अधिकार चालवणारी ही पारिभाषिक संज्ञा आहे. तिच्यावरून बांधाची देखभाल कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरते.

यावर आक्षेप असा घेतला जाईल, की हा मराठी शब्दच आहे. इंग्रजी वाक्यात रोमन लिपीत लिहिला, एवढेच. आक्षेप अगदीच निराधार नाही. ‘मुंगूस’ इंग्रजीत गेला तेव्हा त्याचे रूप बदलले आणि त्याला इंग्रजी अनेकवचन लागले. आज इंग्रजी वाचकाला त्याचे मूळ आठवतही नाही. ‘खार’ असा विरघळलेला नाही. परंतु विरघळणे ही शब्दत्वाची एकमेव कसोटी नव्हे. ब्रज कचरू यांनी भारतीय इंग्रजीतील ‘लाठीचार्ज’सारख्या संकरित घडणींकडे लक्ष वेधले. तेथे दोन भाषांचे घटक मिळून एक नवी अर्थवस्तू उभी राहते. ‘खार लँड’ची जात तीच. पर्यायनाची कसोटी लावली म्हणजे हे स्पष्ट होते. त्याच्या जागी ‘खारवट माती’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग ठेवला, तर मातीचा गुण उरतो. बांध नाहीसा होतो. ‘दलदल’ म्हटले तर भातशेती नाहीशी होते. जेथे पर्याय ठेवताच अर्थ गळतो, तेथे संज्ञेने त्या भाषेत स्वतःची जागा मिळवलेली असते.

उलट बाजूने ‘शिलोत्री’ हा शब्द पाहावा. एकोणिसाव्या शतकातील कुलाबा जिल्ह्याच्या इंग्रजी महसुली लेखनात तो येतो आणि तोही बांध घालून राखलेल्या खाऱ्या भातजमिनींशीच निगडित आहे. अशा शब्दांसाठी त्या काळी विल्सनचा १८५५ चा महसुली शब्दसंग्रह किंवा यूल-बर्नेलचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’ यांसारखी वेगळी दालने होती. पारिभाषिक संग्रह म्हणजे कोशाची ओसरी. पाहुण्याला तेथे बसवायचे, माजघरात घ्यायचे नाही. ‘शिलोत्री’ त्या ओसरीवरच थांबला, कारण तो ज्या धारणापद्धतीचे नाव होता तीच व्यवहारातून गेली. ‘खार लँड’ टिकला, कारण बांध आणि भरती दोन्ही अद्याप आहेत. शब्दाचे आयुष्य येथे त्याच्या ध्वनिरूपावर किंवा कुळावर अवलंबून राहिलेले नाही. ज्या व्यवहाराला त्याची गरज आहे, त्या व्यवहाराने ते ठरवले आहे.

या शब्दाचा परतीचा प्रवासही लक्षणीय आहे. शासकीय मराठीत ‘खारभूमी’ ही संस्कृतनिष्ठ घडण रूढ झाली, तर बोलण्यात ‘खारलँड’ सहज येतो. मराठीतून इंग्रजीत गेलेला ‘खार’ इंग्रजी शेपटी लावून घरी आला आहे. शुद्धिवाद्याला हे रूप दोन्ही भाषांत उपरे वाटेल. मात्र बांधाला खांड पडली, उघाडी नादुरुस्त झाली की ज्याचे शेत खारे होते, त्याला अर्ज याच शब्दाने करावा लागतो. दोन्ही भाषा ज्याला परका ठरवतात तो शब्द दोन्हींमध्ये राबतो आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य येथेच आहे. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही, तर शेतात खाडीचे पाणी खेळू लागते. काही वर्षांत तेथे तिवरे उगवतात. तिवरांना कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने राज्यभर त्यांच्या तोडीला मनाई केली. ते आवश्यकही आहे. परंतु त्या तुकड्याला आता काय म्हणायचे? वनस्पती पाहणारा त्याला तिवरांचे वन म्हणेल. सातबाऱ्यावर नाव असलेला त्याला आपली खार म्हणेल. ‘खार लँड’ या संज्ञेत माणसाने समुद्राशी केलेल्या कष्टाचा इतिहास साठलेला आहे. तो शब्द भाषेबाहेर काढला, तर बांधाबरोबर त्या कष्टाची नोंदही पुसली जाते.

तेव्हा ‘हा शब्द कोशात आहे काय?’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. ‘हा शब्द काढला तर काय सांगता येणार नाही?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. ‘डॉर्ड’ काढल्याने काहीच अडले नाही. ‘खार लँड’ काढला, तर धरमतरच्या काठावर जमीन कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, हे इंग्रजीला सांगता येणार नाही.