केस मोजून झाले, वेटोळ्यांचे काय?

अॅनिमेशनपट आला की पाठोपाठ त्याच्या निर्मितीची चित्रफीत येते, आणि तीत केसांचा आकडा हमखास असतो. ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या सलीच्या अंगावर २३ लाख, ‘झूटोपिया’तल्या जिराफाच्या अंगावर ९० लाख, ‘ब्रेव्ह’मधल्या मेरिडाच्या डोक्यावर १ लाख ११ हजार. या मोजदादीचा आता वीट आला आहे. लाखो केस उगवणे हे संगणकाच्या ताकदीचे काम. त्यातला एक कुरळा केस मान वळवल्यावर कसा वागेल, असे विचारले की केसांची हालचाल घडवणारे भलेभले सिम्युलेटर गडबडतात.

मेरिडाची गोष्ट त्या आकड्यापलीकडची आहे. कुरळा केस ताठ ठेवला तर तो तारेसारखा दिसतो, आणि सैल सोडला तर पहिल्याच दौडीत बट उलगडून सरळ होते. २०१२च्या त्या चित्रपटासाठी पिक्सारच्या हेली आयबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टॅझ’ नावाचा नवा सिम्युलेटर रचला. प्रत्येक बटेच्या वेटोळ्यांमधून जाणारी एक काल्पनिक गुळगुळीत रेषा त्यांनी धरली आणि बट किती लांबायची याचा लगाम त्या रेषेवरच्या स्प्रिंगच्या हाती दिला. वाकण्याचा ताठपणा वेगळा ठेवला. त्यामुळे बट मनसोक्त उसळते, पण सुटत नाही. कलावंतांनी घडवलेल्या सुमारे १,५०० बटांवरून बाकीचे केस उगवले. पुस्तकी भौतिकशास्त्राच्या लेखी ही लबाडी. पण केसांकडे डोळे उघडे ठेवून केलेली लबाडी.

पुस्तकी बाजूही दुबळी नाही. फ्लोरांस बर्तेल्स आणि सहकाऱ्यांचे ‘सुपर-हेलिक्स’ हे प्रारूप (२००६) एकेक केस मळसूत्राच्या तुकड्यांनी जोडते. त्या कामात लॉरियलचे शास्त्रज्ञही होते. केसाला लवचीक दांडा मानणारे २००८चे संगणकीय प्रारूप तर आज पाठ्यपुस्तकासारखे वापरले जाते. व्हिडिओ गेमवाल्यांनी २०१३च्या ‘टूम रेडर’मध्ये लारा क्रॉफ्टची शेपटी झुलवली, सरळ केसांची शेपटी, त्याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

मात्र मेरिडानंतर ‘कुरळे केस जमले’ असा समज पसरला, आणि तिथेच घात झाला. मेरिडाच्या बटा रुंद, मोकळ्या वळणाच्या. आफ्रिकी वंशाच्या कोट्यवधी लोकांच्या डोक्यावरची घट्ट वेटोळी ही निराळीच वस्तू आहे, हे संशोधनात ठसठशीतपणे मांडायला येल विद्यापीठाचे थिओडोर किम आणि सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील ए. एम. डार्क यांना यावे लागले. त्यांच्या गटाचा २०२३चा शोधनिबंध जेमतेम ५ मिलिमीटर त्रिज्येच्या वेटोळ्यांसाठी खास गणित मांडतो. केसाच्या प्रत्येक तुकड्याबरोबर एक दिशादर्शक चौकट फिरवत नेण्याचा जुना खटाटोप त्यात नाही, आणि सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढ्या लांब पावलांनीही हिशेब कोसळत नाही.

त्याच गटाचा २०२४चा निबंध याहून रोचक, कारण त्यात गणिताच्या आधी निरीक्षण आहे. टाळूजवळ हे केस एकमेकांशी ताळमेळ न ठेवता वाढतात आणि तिथे स्पंजासारखा थर होतो. थोडे पुढे गेले की शेजारचे केस एका लयीत येऊन त्यांची एकच बट बनते. काही केस एखादा फेरा चुकवून बटेतून बाहेर डोकावतात. कधी फिरकीची दिशाच मध्येच पालटते, जुन्या टेलिफोनच्या वायरीत पालटायची तशी. केस विंचरणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक असलेल्या या गोष्टी संगणकचित्रणाच्या अभ्यासात इतक्या उशिरा का आल्या?

‘तांत्रिकदृष्ट्या अवघड’ हे ठरलेले उत्तर आहे, आणि ते पटणारे नाही. २००४च्या ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये व्हायोलेटच्या लांब सरळ केसांसाठी पिक्सारने जिवाचे रान केले, त्याच चित्रपटातला कृष्णवर्णीय नायक ल्यूशियस टकला आहे. अवघड तर सरळ केसही होते. फरक एवढाच की त्यांच्यासाठी पैसा आणि माणसे लावली गेली. ‘सोल’मधल्या (२०२०) न्हाव्याच्या दुकानात नाना पोताचे केस दिसतात, याचे कौतुक करावे, पण त्यातले बरेचसे इतके आखूड आहेत की त्यांना हलावेच लागत नाही. ‘एन्कान्टो’ (२०२१) एक पाऊल पुढे गेला, हे मान्य.

काही तंत्रज्ञ म्हणतात, घट्ट वेटोळी फारशी हलतच नाहीत, मग सिम्युलेशन कशाला? हा युक्तिवाद आळसाचा आहे. तो सगळा भार एकत्र डुलतो, दाबला की परत फुगतो, टोकाकडच्या बटा स्वतंत्र थरथरतात. हे सारे हालचालीचेच प्रश्न आहेत. अवजार नाही म्हणून तसे पात्र लिहायचे नाही, आणि पात्र नाही म्हणून अवजार करायचे नाही, हे चक्र स्टुडिओंना सोयीचे पडते. ब्लेंडर या अॅनिमेशन सॉफ्टवेअरच्या ३.५ आवृत्तीत (२०२३) केस कुरळे करायची आणि वेणी घालायची तयार साधने आली; ती आकार देतात, हालचाल देत नाहीत. अॅफ्रो केसांच्या प्रतिकृतींचे मुक्त भांडार उभारण्याचे काम डार्क यांच्यासारख्या प्राध्यापकांच्या अंगावर पडते, आणि एकेका चित्रपटावर १० कोटी डॉलरहून अधिक उधळणारे स्टुडिओ जिराफाचे केस मोजत बसतात. यापुढे कोणी नवा सिम्युलेटर दाखवायला आला, तर मान झटकून रेशमी केस उडवणारी मुलगी त्याने घरी ठेवावी आणि ५ मिलिमीटरची वेटोळी घेऊन यावे.