‘वाढणे’ म्हणजे नेमके काय?

कोशात ‘वाढणे’पुढे ‘घटणे’ हा विरुद्धार्थी शब्द लिहिला की कोशकाराचे काम संपते. लेखकाचे काम तिथून सुरू होते. मराठीत नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणतात. आपल्या घरातल्या उर्दूचीही हीच रीत आहे. दुकान बंद करणे म्हणजे ‘दुकान बढाना’, दिवा मालवणे म्हणजे ‘चिराग बढाना’, जेवणे उरकल्यावर दस्तरखान उचलणे म्हणजे ‘दस्तरखान बढाना’. धर्म वेगळे, पण अशुभ तोंडाने न उच्चारण्याचा संकोच एकच. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात मराठी, अहिराणी, भिली, गुजराती आणि उर्दू रोज एकमेकींच्या कानावर पडतात. तिथे हे नाते पुस्तकातून शिकावे लागत नाही.

आपल्या कथांतून मात्र ते क्वचितच दिसते. पात्राच्या तोंडी दोनदा ‘तौबा’ घातले की मुस्लिम घराची बोली साधली, असा समज दिसतो. ‘दस्तरखान बढाओ’चे मराठी ‘दस्तरखान पसरा’ असे केले, तर उठलेली पंगत पुन्हा जेवायला बसते! शब्द बरोबर, अर्थ उलटा.

पण या रीतीचे नुसते कौतुकही पुरेसे नाही. विधवेच्या बांगड्या ‘वाढवल्या’ असे लिहिताना तिच्या मनगटावर झालेली जबरदस्ती शब्दाआड दडते. याच जिल्ह्यातल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील 33 गावे सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आली. धरणाची उंची 2006 साली 121.92 मीटर झाली, 2017 साली 138.68 मीटर. कागदोपत्री ही ‘वाढ’च होती, नर्मदाकाठच्या आदिवासींचे शेत आणि घर मात्र तेवढेच घटत गेले.

मग हळुवार शब्द आणि फसवा शब्द वेगळे ओळखायचे कसे? एक कसोटी सुचवावीशी वाटते: नुकसान कोणाचे आणि शब्द कोणाचा? स्वतःची फुटलेली बांगडी ‘वाढली’ म्हणणारी बाई आपले दुःख सावरत असते. दुसऱ्याचे बुडालेले शेत ‘वाढी’त मोजणारा ते दुःख पुसत असतो. आपण ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांची ‘वाढ’ लिहिण्यापूर्वी ती त्यांच्याच तोंडून ऐकलेली असावी.