‘पूर्ववत’ म्हणजे काय? प्रतिजैविके आणि निरोगी माणसाचे मुख-नासिकागत जीवाणू

निरोगी माणसाने प्रतिजैविक पोटात घेतले असता त्याच्या मुखातील व नाकातील जीवाणूंची स्थिती काय होते, या प्रश्नाला अलीकडील संशोधनाने दिलेली उत्तरे प्रथमदर्शनी परस्परविरुद्ध वाटतात. हा विरोध खरा आहे, की मोजण्याच्या पद्धतीतील भेदातून तो उद्भवला आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

एगिया झाउरा व त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटन व स्वीडन येथील ६६ निरोगी व्यक्तींना सिप्रोफ्लॉक्सॅसिन, क्लिंडामायसिन, अमॉक्सिसिलिन, मिनोसायक्लिन यांपैकी एक औषध किंवा औषधरहित गोळी देण्यात आली. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा परिणाम मलातील जीवाणूंवर वर्षभर आढळला. लाळेतील जीवाणूंची घडण मात्र लवकरच पूर्ववत झाली. त्यावरून मुखातील जीवाणुसमाज चिवट आहे, असा निष्कर्ष निघाला.

याउलट, मल्होत्रा-कुमार, गूसेन्स प्रभृतींनी २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. बेल्जममधील २२४ निरोगी व्यक्तींपैकी काहींना अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन दिवस, काहींना क्लॅरिथ्रोमायसिन सात दिवस व उरलेल्यांना औषधरहित गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांच्या मुखातील स्ट्रेप्टोकॉकसांमध्ये प्रतिरोधी जीवाणूंचे प्रमाण काही दिवसांतच सरासरी सुमारे ५० टक्क्यांनी वाढले, आणि ही वाढ १८० दिवसांनंतरही पुरती ओसरली नव्हती.

औषधे भिन्न असल्याने या दोन अभ्यासांची तुलना सरळ करता येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मुख्य भेद औषधांचा नसून प्रश्नांचा आहे. पहिल्या अभ्यासाने लाळेत कोणत्या जातींचे जीवाणू किती आहेत, हे पाहिले. दुसऱ्याने एका गटातील किती जीवाणू औषधाला दाद देत नाहीत, हे पाहिले. संवेदनशील स्ट्रेप्टोकॉकसांची जागा त्याच जातीच्या प्रतिरोधी स्ट्रेप्टोकॉकसांनी घेतली, तर जातींची यादी तीच राहते, परंतु समाज तोच राहत नाही. गावाची लोकसंख्या तेवढीच राहून वस्ती मात्र बदलावी, तसा हा प्रकार होय. म्हणून ‘पूर्ववत’ हा शब्द जातींच्या घडणीपुरताच ग्राह्य आहे. शिवाय ६६ व्यक्ती पाच गटांत विभागल्यावर प्रत्येक गट लहान उरतो, हीही मर्यादा दुर्लक्षिता येणार नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. मुखातील निरुपद्रवी स्ट्रेप्टोकॉकस आपली प्रतिरोधक जनुके न्यूमोकॉकससारख्या रोगकारक आप्तांना देऊ शकतात, आणि न्यूमोकॉकसचे वसतिस्थान नाकामागील घशातच आहे. नायजरमधील बालकांना वर्षातून दोनदा अ‍ॅझिथ्रोमायसिन दिल्यानंतर तेथील न्यूमोकॉकसांत प्रतिरोध औषधरहित गावांपेक्षा अधिक आढळला, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसते. तथापि निरोगी प्रौढांच्या नाकाविषयीचा पुरावा मुखाच्या मानाने तोकडा आहे. एकाचे अनुमान दुसऱ्यास लावणे घाईचे ठरेल.

धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाचे स्वरूप आणखी बदलते. युरोपातील प्रयोगांत औषधाचा एकच क्रम देऊन पुढील मागोवा घेतला गेला. आपल्याकडे सर्दी-खोकल्यासाठीही अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गोळ्या घेतल्या जातात, आणि पहिल्या मात्रेचा परिणाम ओसरण्यापूर्वीच दुसरी मात्रा पोटात जाण्याचा संभव असतो. अशा ठिकाणी ‘निरोगी’ म्हणून निवडलेल्या व्यक्तीची आरंभीची स्थितीच अगोदरच्या औषधांनी घडलेली असू शकते.

म्हणून वाशी परिसरात असे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने तीन पथ्ये पाळावीत. मागील वर्षभरात घेतलेल्या औषधांची नोंद करावी. लाळ व नाक यांचे नमुने स्वतंत्रपणे तपासावेत. आणि जातींच्या गणनेबरोबर प्रतिरोधाचेही मोजमाप करावे. यांतील तिसरे पथ्य चुकल्यास उत्तर दिलासादायक मिळेल, परंतु ते अपुरे असेल.