परक्या शहरातले अमूर्त संगीत

चाल, ठेका आणि शब्दार्थ यांचा आधार सोडून केवळ नादाचा पोत, त्याची घनता, त्याचा कालावधी आणि मधली शांतता यांतून जे संगीत उभे राहते, त्याला अमूर्त संगीत म्हणता येईल. आणि अशा संगीताच्या इतिहासात बर्लिनचे स्थान वेगळे ठरते, ते तिथे हे संगीत घडवणाऱ्यांत बाहेरून आलेल्यांचा वाटा फार मोठा असल्यामुळे. प्रेन्झ्लाउअर बेर्ग भागातील 'आउसलांड'सारख्या लहानशा जागेत एकाच संध्याकाळी ऑस्ट्रेलियन तालवादक, लेबनीज ट्रम्पेटवादक आणि अमेरिकन वादक एकत्र बसावेत, हे तिथल्या श्रोत्यांना नवलाचे वाटत नाही. मात्र अशा मैफलीवर लिहिताना समीक्षा वारंवार एकाच वळणावर येते : वादक ज्या देशातून आला तो देश त्याच्या वादनात ऐकू येतो की नाही, एवढेच ती तपासते. हा निकष अपुरा आहे, आणि अनेकदा अन्यायकारकही.

इसांग युन या कोरियन संगीतकाराचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. १९१७ मध्ये जन्मलेले युन १९५६ मध्ये युरोपात आले आणि पॅरिसनंतर पश्चिम बर्लिनमध्ये शिकले. युरोपीय रचनापद्धतीत स्वर हा बहुधा एक स्थिर बिंदू मानला जातो आणि अशा बिंदूंच्या परस्परसंबंधांतून रचना घडते. युन यांनी मात्र एकेक दीर्घ स्वर हाच रचनेचा घटक मानला, ज्याच्या आरंभाला लहानसा आघात असतो, मध्ये कंप, घसीट आणि अलंकरण असते आणि जो विरतानाही रूप बदलत राहतो. मींड, गमक आणि आंदोलन यांवर कान घडलेल्या मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये, कारण एका षड्जावर रेंगाळणारा आलाप त्याने ऐकलेला असतो; फरक इतकाच की युन हा व्यवहार रागाच्या चौकटीबाहेर, संपूर्ण वाद्यवृंदाच्या अंगावर सोपवतात. १९६६ मध्ये डोनाउएशिंगेन येथील महोत्सवात सादर झालेल्या 'रेआक' या रचनेने त्यांचे नाव सर्वदूर गेले. त्यानंतरच्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या गुप्तचर यंत्रणेने हेरगिरीचा आरोप ठेवून त्यांना बर्लिनमधून पळवून सोलला नेले. जन्मठेप सुनावली गेली, तुरुंगातही त्यांनी लेखन चालू ठेवले, आणि स्ट्राविन्स्की, कारायान, लिगेती आदींनी सह्या केलेल्या निषेधपत्रासह झालेल्या आंतरराष्ट्रीय दबावानंतर १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. १९७१ मध्ये ते जर्मन नागरिक झाले. या संगीतात कोरिया आहे, यात शंका नाही. पण तो एखाद्या लोकधुनेच्या उसनवारीतून आलेला नाही, तो स्वर म्हणजे काय या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

ग्रीसमधून परागंदा होऊन १९४७ मध्ये पॅरिसला पोहोचलेले आणि १९६३-६४ मध्ये बर्लिनमध्ये राहिलेले संगीतकार यानिस क्सेनाकिस यांच्याबाबतीतही हेच म्हणता येते. अथेन्समधील निदर्शनांचा गलका आणि गोळीबार यांतला ध्वनिसमूह हा त्यांच्या संभाव्यतेच्या गणितावर आधारलेल्या रचनापद्धतीमागील एक अनुभव होता. ऐकणाऱ्याच्या वाट्याला मात्र ग्रीस येत नाही, येतो तो हजारो सूक्ष्म नादांचा एकत्रित ढग.

आजच्या पिढीत लेबनीज ट्रम्पेटवादक माझेन केरबाज यांचे वादन याच प्रश्नाला अधिक टोकदार करते. व्यंगचित्रकार म्हणूनही ओळखले जाणारे केरबाज अनेकदा ट्रम्पेट मांडीवर आडवे धरतात, मुखनळीला रबरी नळी जोडून फुंकतात आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या हातांनी वाद्याच्या तोंडावर पत्रे वा इतर वस्तू ठेवतात. श्वास त्या वस्तूंवर आदळून जो खरखराट, शिटी आणि थरथर उत्पन्न होते तीच त्यांची स्वरसामग्री. २००६ च्या जुलैमधील एका रात्री इस्रायली विमाने बैरूतवर बॉम्बहल्ले करीत असताना त्यांनी घराच्या सज्जात वादन केले आणि स्फोट व त्यानंतर वाजणारे मोटारींचे भोंगे यांसकट ते ध्वनिमुद्रित केले. त्या ध्वनिमुद्रणात स्फोटाला दिलेले उत्तर मोठे नाही. स्फोटानंतरच्या जागेत ट्रम्पेटचा बारीक श्वास टिकून राहतो, आणि ती निवड सौंदर्यदृष्टीची आहे. २०१५ मध्ये ते बर्लिनला आले. त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक मैफलीत युद्धच शोधणे म्हणजे वादकाला एका रात्रीशी जखडून ठेवणे होय.

याउलट दुसरा धोका समरूपतेचा आहे, आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. नव्वदच्या दशकात बर्लिनमध्ये 'एख्टत्साइटमुझिक', म्हणजे वाजवण्याच्या क्षणीच घडणारे संगीत, या नावाने जी चळवळ आकाराला आली, तिने अत्यंत मंद आवाज, दीर्घ शांतता आणि वाद्यांचे अपारंपरिक वादन यांना प्रतिष्ठा दिली. पण जी शैली एकेकाळी जोखीम होती तीच हळूहळू शिष्टाचार बनली, आणि नव्याने आलेला वादक पहिल्याच वर्षी ती आत्मसात करतो असे दिसते. २०१० मध्ये क्लेअर कूपर आणि क्लेटन थॉमस हे ऑस्ट्रेलियन वादक व ग्रेगोर होत्स यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'स्प्लिटर ऑर्केस्टर' या बाबतीत अधिक आशादायक आहे, कारण दोन डझनांच्या आसपास वादकांच्या त्या वृंदात नेतृत्व एका संचालकाकडे नसते आणि प्रत्येकाला आपला नाद इतरांच्या नादाशी भिडवून सिद्ध करावा लागतो. तिथे मतभेद ऐकू येतात, आणि तेच त्या वादनाचे बळ आहे.

या कलेचे भवितव्य मात्र केवळ कानांवर अवलंबून नाही. पश्चिम बर्लिनमध्ये १९६३ पासून परदेशी कलावंतांना बोलावणाऱ्या आणि पुढे जर्मन विद्यापीठीय विनिमय संस्थेने, म्हणजे 'डाड'ने, चालवलेल्या शिष्यवृत्त्यांनी या संगीताला घर दिले, तर भिंत पडल्यानंतरच्या स्वस्त भाड्यांनी जागा दिल्या. आता भाडी चढली आहेत, आणि २०२५ साठी बर्लिनच्या सांस्कृतिक अंदाजपत्रकात सुमारे १३ कोटी युरोंची कपात करण्यात आली आहे. मोठी ऑपेरागृहे अशा कपातीतून तग धरतात. पन्नास श्रोत्यांच्या जागा बंद पडतात, आणि निवासपरवान्यासाठी उत्पन्नाचा पुरावा दाखवावा लागणारा स्थलांतरित वादक त्या जागांबरोबर शहराबाहेर ढकलला जातो. म्हणून आजच्या समीक्षेने अशा मैफलीबद्दल लिहिताना वादनाच्या घडणीचा तपशील नोंदवण्याबरोबरच ती मैफल कोणत्या पैशावर आणि कोणत्या परवान्यावर उभी होती, हेही नोंदवणे आवश्यक आहे.