स्क्वाड्रन सापडते, माणूस हरवतो

दुसऱ्या महायुद्धातल्या आपल्या हवाई दलाबद्दल लिहायचं म्हटलं, की बहुतेक जण आधी एस. सी. गुप्ता यांच्या ‘हिस्टरी ऑफ द इंडियन एअर फोर्स १९३३-४५’ या सरकारी इतिहासाकडे वळतात. बिशेश्वर प्रसाद संपादित हा ग्रंथ १९६१ साली भारत-पाकिस्तानच्या संयुक्त इतिहास विभागाने काढला. तो मोलाचा आहे, यात वाद नाही. १ डिसेंबर १९४२ ला उभ्या राहिलेल्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रन, त्यांची व्हेंजन्स बाँबर विमानं, पुढे आराकान आणि इंफाळची आघाडी, असा सगळा पट समजायला त्याच्याशिवाय चालत नाही.

पण घरचं माणूस शोधायला बसलं, की अडचण सुरू होते. ग्रंथाची मांडणी मोहिमांची आणि तुकड्यांची. व्हेंजन्समध्ये दोघं बसायचे. वैमानिकामागे बसलेल्या त्या दुसऱ्याचं काय? युद्धकाळात एअर गनर्सची शाळा भोपाळजवळ बैरागढला होती. उज्जैनहून भोपाळला जाताना आपण ते स्टेशन कितीदा ओलांडलंय! तिथे शिकलेली पोरं कोण, कुठली, हे अशा इतिहासातून हाती लागत नाही.

दुसरी मर्यादा ग्रंथाच्या नावातच आहे. जे भारतीय थेट ब्रिटिश हवाई दलात गेले, ते याच्या कक्षेबाहेर. लँकॅस्टरवरचे नॅव्हिगेटर, डीएफसी मिळवलेले शैलेंद्र एकनाथ सुखठणकर त्यांतलेच. मग इंग्रजी साधनं बघावीत, तर डब्ल्यू. आर. चॉर्ली यांचे ‘बाँबर कमांड लॉसेस’चे खंड पडलेल्या विमानांपासून सुरू होतात. बाँबर कमांडचे ५५,५७३ जण गेले. त्यांची नोंद हवीच. पण मोहिमा पुऱ्या करून धडधाकट परत आलेला माणूस तिथेही सापडत नाही. एका ग्रंथात तुकडी, दुसऱ्यात मृत्यू. जगलेला मधल्या मध्ये गळतो.

म्हणून सुरुवात ग्रंथापासून करूच नये, असं माझं मत. ब्रिटिश स्क्वाड्रनचा ‘फॉर्म ५४१’ लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात आहे. त्यात एकेका उड्डाणाचे सोबती आणि वेळा दिलेल्या असतात. आणि घरचे आजोबा पायलटच होते, असंही आधीच ठरवू नका. जमिनीवर विमानं दुरुस्त करणारे कितीतरी जास्त होते.

फ्रीगंजातल्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत जुनं लॉगबुक असेल, तर ते रद्दीत घालू नका. तारीख, विमानाचा नंबर, सोबत्याचं नाव आधी उतरवून घ्या. गुप्तांचा ग्रंथ मग उघडा. तेव्हा तो खरा उपयोगी पडेल.