सोरायसिस आणि उच्चदाब प्राणवायू उपचार : पुराव्याची चिकित्सा

प्रास्ताविक : सोरायसिस हा दीर्घकाल टिकणारा दाहजन्य त्वचाविकार असून तो संसर्गजन्य नाही. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ ही संज्ञा अनेक त्वचाविकारांना व्यापून आहे. व्यवहारात मात्र तिचा अर्थ महारोगापुरता संकुचित झाला. या गैरसमजाचा जाच सोरायसिसच्या रुग्णालाही होतो आणि कायमच्या इलाजाच्या आशेने तो कोणत्याही नव्या उपचाराकडे वळतो. म्हणूनच अशा उपचाराचा पुरावा तपासणे अगत्याचे ठरते.

उपचाराचे स्वरूप : ‘हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी’मध्ये बंदिस्त कक्षात, वातावरणाच्या साधारणतः दोन ते तीन पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला जातो. पाणबुड्यांचा दाबमुक्ती-विकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहातील काही चिवट जखमा यांवर तो मान्यताप्राप्त आहे. सोरायसिसचा समावेश या मान्य विकारांत नाही.

पुराव्याची मर्यादा : या संदर्भात २००९ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिकल केस रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध झालेला वृत्तांत महत्त्वाचा आहे, परंतु तो अवघ्या दोन रुग्णांचा आहे. त्यांना आराम पडला, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि सोरायसिस मुळातच उफाळतो आणि ओसरतो. तुलनेसाठी दुसरा गट नसता ही सुधारणा उपचाराची की रोगाच्या स्वभावाची, हे ठरविता येत नाही. शिवाय गुण आलेल्या रुग्णाचा वृत्तांत छापला जातो. गुण न आलेल्याचा सहसा छापला जात नाही. प्राणवायूमुळे दाह शमतो, ही उपपत्ती संभाव्य असली तरी उपपत्ती म्हणजे प्रचीती नव्हे.

रुग्णाच्या बाजूने : हा उपचार एका बैठकीत संपत नाही. कोल्हापूर परिसरातील रोजंदारीवरील कामगाराची प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. कानाच्या पडद्याला इजा, क्वचित झटके आणि आगीचा धोकाही असतो. १९९७ मध्ये मिलान येथे अशा कक्षाला लागलेल्या आगीत ११ जण दगावले. याउलट मेथोट्रेक्सेट आणि अतिनील किरणोपचार यांचे गुणदोष दीर्घ अनुभवाने ज्ञात आहेत. नव्याच्या आशेने ते सोडून देणे रुग्णाच्या हिताचे नाही.

निष्कर्ष : उच्चदाब प्राणवायूची कल्पना त्याज्य नाही, ती नियंत्रित चाचणीस पात्र आहे. मात्र चाचणीतील रुग्ण ज्ञानात भर घालतो, तर विक्रीतील रुग्ण अज्ञानाची किंमत स्वतःच्या खिशातून मोजतो. हा भेद समाजापुढे स्पष्ट करणे हे विद्याशाखा कोणतीही असली तरी अध्यापकाचे कर्तव्य ठरते.