फिरलं की फिरवलं? : फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधलं उधाण

सामना एका संघाकडे कलू लागला की आपण म्हणतो, ‘वारं फिरलं’, ‘रंग चढला’, ‘पारडं झुकलं’. या वाक्यांत फिरवणारा, चढवणारा कुणी नसतो. व्हिडिओ गेममध्ये मात्र सगळंच कुणीतरी लिहिलेलं असतं. म्हणून तिथे सामना उलटला की खेळणारा म्हणतो, ‘फिरवला!’ फुटबॉलच्या गेमला न सुटलेला प्रश्न या एका ‘व’मध्ये आहे, असं मला वाटतं.

बास्केटबॉलच्या ‘एनबीए जॅम’ने (1993) तो सरळ सोडवला. एखाद्याने ओळीने तीन बास्केट केले की तो ‘पेटतो’ आणि काही काळ त्याचा नेम चुकेनासा होतो. नियम दोघांनाही ठाऊक, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. ‘प्रो इव्होल्यूशन सॉकर’ने खेळाडूचा त्या दिवसाचा सूर वर-खाली बाणांनी दाखवला. ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये मनोधैर्य शब्दांत वाचता येतं आणि मध्यंतरातल्या बोलण्याने ते बदलतं. ‘फिफा’ मालिकेचा ओढा हुबेहूब चित्रणाकडे. तिथे उधाण ऐकू येतं ते प्रेक्षकांच्या गलक्यातून आणि समालोचकाच्या चढत्या आवाजातून. त्यामागचं कारण पडद्यावर दिसत नाही.

न दिसणाऱ्या कारणाच्या जागी संशय येतो. नोव्हेंबर 2020मध्ये कॅलिफोर्नियात काही खेळाडूंनी ईए कंपनीवर दावा लावला. काठिण्य आपोआप कमी-जास्त करणारं, स्वतःच्या पेटंटमधलं तंत्र कंपनी ‘फिफा’त गुपचूप वापरते, असा त्यांचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला आणि 2021मध्ये दावा मागे घेतला गेला. तरी ‘गेमच हरवतो’ ही भावना गेली नाही.

मुळात उधाण खरं असतं का? गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी 1985मध्ये बास्केटबॉलचे आकडे तपासून ‘हात बसणं’ हा भास ठरवला. मिलर आणि सान्हुर्हो यांनी 2018मध्ये त्या मोजणीतलीच सांख्यिकीय त्रुटी दाखवली. वाद मिटलेला नाही. गेमला मात्र संगणकाच्या भाषेत काहीतरी उत्तर लिहावंच लागतं.

आता एक खरा सामना. कोविडमुळे 2020-21चा आयएसएल हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात डेव्हिड विल्यम्सने 18व्या मिनिटाला एटीके मोहन बागानला पुढे नेलं. 29व्या मिनिटाला त्यांच्याच तिरीच्या स्वयंगोलने मुंबई सिटीची बरोबरी झाली. 90व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई 2-1 अशी जिंकली. त्याच वर्षीच्या ‘फिफा 22’मध्ये आयएसएलचे संघ आले. हाच घटनाक्रम त्या गेममध्ये घडला असता, तर स्वयंगोल आणि शेवटच्या मिनिटाचा गोल पाहून हरणाऱ्याने कंट्रोलर आपटला असता. फातोर्ड्यात तर गलकाही नव्हता. तरी फिरवल्याचा आरोप कुणाच्या मनात आला नाही.

मी राहतो त्या मांडव्याला उधाण हा शब्द रोजच्या वापरातला आहे. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे संध्याकाळी पाणी सर्वांत दूर आणि पोरांना फुटबॉलसाठी पुळण सर्वांत रुंद. भरतीलाही मालक नाही. पण तिची तिथी ठाऊक असते, त्यामुळे तिच्यावर कुणी रुसत नाही. ‘एनबीए जॅम’चं उधाण असं तिथीचं आहे. फुटबॉलचं तसं नसतं. ते थकलेल्या पायांतून, पुढे सरकलेल्या बचावफळीतून, एका घाबरट पासमधून जमत जातं आणि जमल्यावरच लक्षात येतं.

म्हणून मला ‘फुटबॉल मॅनेजर’ची वाट अधिक प्रामाणिक वाटते. चित्रणात तो ‘फिफा’च्या जवळपासही नाही, पण हरल्यावर मागे जाऊन दमलेला बचावपटू आणि उशिरा केलेला बदल शोधता येतो. फुटबॉलच्या गेमची पारख त्याच्या गवताच्या पात्यांवरून नव्हे, हरलेल्याच्या तोंडी येणाऱ्या क्रियापदावरून करावी. हरूनही तो ‘फिरलं’ म्हणाला, तर त्या गेमला फुटबॉल कळला.